हर्ण्याच्या वाळूवरही कायदा लागू आहे

रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातल्या हर्ण्याला मासळीचा संध्याकाळचा लिलाव वाळूवरच होतो. होड्यांतला माल बैलगाडीने वर येतो, बोली लागते, बायका पाट्या उचलून चालू लागतात. इथे ना हजेरीपट, ना भिंतीवर तक्रार समितीचा फलक. त्यामुळे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा बँकेतल्या, कचेरीतल्या बाईसाठी, असं बहुतेकांना वाटतं. 2013च्या कायद्यात मात्र मालविक्रीचा स्वयंरोजगारही येतो, आणि तक्रार करणारी कुणाच्या पगारावर असलीच पाहिजे अशी अट नाही.

या कायद्याचा उगमही कचेरीबाहेरचाच. बालविवाह रोखायला निघालेल्या राजस्थानच्या साथिन, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या, भंवरीदेवींवर 1992 साली सामूहिक बलात्कार झाला. त्यातून कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्ध नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1997चा विशाखा निकाल आला. तो पाळला जात नाही म्हणून पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली.

अंगाला हात लावला तरच छळ, असं नाही. अचकट शेरे, मोबाइलवर नको ते दाखवणं हेही त्यात येतं. त्याहून चिवट प्रकार म्हणजे हसून बोललीस तर चांगली पाटी, नाही तर उधारी बंद. धंदाच उधारीवर चालत असेल, तर ही धमकी मोठ्याने द्यावीही लागत नाही.

दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पण हर्ण्याहून रत्नागिरी गाठायची म्हणजे दिवसाचा धंदा गेला. म्हणून कायद्याने तालुक्याला एक अधिकारी नेमायला सांगितलं आहे. त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पोचवायची. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं समितीचं कामच आहे. तक्रारदाराचं नाव जाहीर करायला मनाई आहे, आणि सगळे एकमेकांना ओळखतात अशा गावात हे कलम फार मोलाचं.

खरी अडचण मुदतीची. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते. मे अखेरीला काही घडलं, तर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीच बंद. 'नारळी पुनव होऊ दे, मग बघू' म्हणेपर्यंत ऑगस्ट सरत येतो. समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण उशिराचं कारण तिला पटावं लागतं.

जिल्ह्याजिल्ह्यांत समित्या आणि तालुका अधिकारी नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा बजावलं. दापोली तालुक्याच्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर लिलावाच्या जागी रंगवायला एक पत्रा आणि अर्धा डबा रंग पुरेल.