अनपेक्षित रंगाचा अर्थ

ओ गटाच्या तांबड्या पेशींवर ए अथवा बी हे प्रतिजन नसतात. त्यामुळे दुसऱ्याच्या रक्तरसात त्या एकमेकींस चिकटू नयेत, अशी सामान्यतः अपेक्षा असते. परंतु 1952 साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असे रक्त वर्णिले की, त्याच्या रक्तरसात ओ पेशीही चिकटत. ए व बी ज्या एच द्रव्यापासून घडतात, तेच या व्यक्तींच्या पेशींवर नव्हते. म्हणून रक्तरसात एचविरोधी प्रतिपिंडे होती. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट होय. अशा रुग्णास ओ रक्त दिल्यास प्राणावर बेतू शकते. विसंगत वाटणारी प्रतिक्रिया येथे खरी होती.

फ्लो सायटोमीटर वापरणाऱ्यापुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. या यंत्रात प्रकाशमान रंग जोडलेली प्रतिपिंडे पेशींवर सोडतात व एकेक पेशी लेसर किरणापुढून नेऊन तिचा प्रकाश मोजतात. नको त्या पेशी उजळल्या, तर काय समजावे?

प्रथम खोट्या उजेडाची कारणे तपासावीत. मृत पेशी प्रतिपिंडे वाटेल तशी धरून ठेवतात. त्या वेगळ्या रंगाने ओळखून वगळाव्यात. काही पेशींवरील एफसी ग्राही प्रतिपिंडाचा देठच पकडतात. ते आधी अडवावेत. एका रंगाचा प्रकाश दुसऱ्याच्या मापकात झिरपतो. याकरिता तेवढा एक रंग वगळून बाकी सर्व घातलेली नळी तुलनेस ठेवावी.

इतके करूनही रंग टिकला, तर तो प्रतिजन तेथे खरोखरच असण्याचा संभव असतो. सीडी-4 हे सहायक टी पेशींचे चिन्ह मानले जाते. पण मोनोसाइट पेशींवरही ते कमी प्रमाणात असते. तो फिका रंग खोटा नव्हे; त्या पेशींस टी पेशी मानणे मात्र चूक होय. तशा त्या मोजल्या, तर एचआयव्ही रुग्णाची सीडी-4 संख्या वास्तवाहून अधिक दिसेल व त्याच्या प्रतिकारशक्तीविषयी खोटा दिलासा मिळेल. म्हणून सोबत टी पेशींचे सीडी-3 हे चिन्हही रंगवितात, आणि दोन्ही चिन्हे असलेल्या पेशीच मोजतात.

तात्पर्य, प्रतिपिंड कोठे चिकटले एवढेच रंग सांगतो. ते का चिकटले, हे मात्र तुलनेच्या नळ्यांनीच ठरवावे लागते.