तपासणी दोघांची

मूल होत नाही म्हटलं की आपल्याकडे उपासतापास सुनेचे आणि तपासण्याही तिच्याच. माझ्या भाच्याकडे चार वर्षं हेच चाललं. अखेर त्याची वीर्यतपासणी झाली आणि निदान निघालं, व्हेरिकोसील.

यात वृषणाकडून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात, बहुधा डावीकडच्या. उष्णता वाढून शुक्रजंतूंना बाधा होऊ शकते. शंभरांत सुमारे पंधरा पुरुषांना हे असतं; पण शस्त्रक्रिया सर्वांनाच लागत नाही. फुगीर शिरा हाताला लागत असतील आणि अहवाल सदोष असेल, किंवा दुखणं थांबत नसेल, तर तिचा विचार होतो.

बँकेत सहीआधी प्रश्न विचारायची माझी जुनी खोड. भाच्याला चार प्रश्न लिहून दिले : आपण मूत्रविकारतज्ज्ञ ना? रोहिणी आणि लसिकावाहिन्या वाचाव्यात म्हणून सूक्ष्मदर्शक वापरता? अशा किती शस्त्रक्रिया केल्यात? पुन्हा शिरा फुगणं, पाणी साठणं कितीजणांत झालं?

"मामा, डॉक्टरांना असं विचारायचं?"

विचारायचं! चांगला सर्जन रागावत नाही.

गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात, हमी नसते. पण भाचेसुनेने एकटीने ऐकलेली बोलणी त्या एका अहवालाने थांबली.