माझ्या बाजूला दोनच पेडल

पहाटे 5:30. चिपळुणात अजून अंधार. गाडीवर फडकं मारायच्या आधी मी वाकून ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट ओढून बघतो. ती पुढे सरकून ॲक्सिलरेटरवर चढली तर घाटात काय होतं ते एकदा बघितलंय, तेवढं पुरे. शिकवणीची गाडी असल्यामुळे माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत. ॲक्सिलरेटर नाही. म्हणजे समोरच्याची चूक मी थांबवू शकतो, बरोबर मात्र त्याचं त्यानेच करायचं.

6 वाजता कॉलेजातला पोरगा हजर. लायसन्स आहे, त्याला 'हील अँड टो' शिकायचंय. मोबाइलवर रेसर आयर्टन सेन्ना दाखवतो: सुझुकाचा ट्रॅक, होंडा एनएसएक्स, पायात लोफर आणि पांढरे मोजे. डावा पाय क्लचवर. उजव्याचा चवडा ब्रेक दाबून धरतो आणि त्याच पावलाची कड ॲक्सिलरेटरला टिचकी मारते.

"सर, हे शिकवा."

"आधी हे बूट काढ."

दोन बोटं जाड तळव्याच्या बुटात पेडल कळणार कसं?

6:45. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट लागला. वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्यात. त्याने क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडीने मान हलवली. क्लच दाबून धरला तेवढ्यात इंजिन मंदावलं. चाकं फिरतायत त्याच वेगाने, पण दुसऱ्यात त्याच वेगाला इंजिनाला जास्त फिरावं लागतं. आमच्या गाडीत तिसऱ्यात काटा 2000 वर असेल तर दुसऱ्यात 3000 च्या आसपास. ही तूट कोणीतरी भरायची. तुम्ही रेस देऊन भरली नाहीत तर क्लच प्लेट भरते, घासून. "सिंक्रोमेश असतं ना सर?" असतं. 1928 साली कॅडिलॅकने आणलं तेव्हापासून ते गिअरबॉक्सच्या आतला वेग जुळवतं, गिअर करकरत नाहीत. इंजिनाचं तुमच्याकडेच राहतं. क्लच खाली असतानाच एक छोटी रेस, काटा वर आला की क्लच सोडायचा. पाचव्या वळणाला त्याला जमलं. त्याला कळलंही नाही, मला कळलं.

8 वाजता घाटमाथ्यावर चहा. तिथे एसटीतून रिटायर झालेले अण्णा बसलेले असतात. पोराने विचारलं तर म्हणाले, "आमच्या जुन्या गाड्यांना कुठलं आलंय सिंक्रो? क्लच दाबायचा, न्यूट्रल, क्लच सोडायचा, रेस, परत क्लच, मग गिअर. चुकलात तर अख्ख्या गाडीला ऐकू जायचं." डबल क्लच. पोरगा चहा विसरून ऐकत होता.

उतरताना मी त्याला एकदा हील अँड टोचा प्रयत्न करू दिला. साध्या गाडीत ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा वर असतं. जोरात दाबलं तरच दोन्ही एका पातळीला येतात. घाटात तेवढा ब्रेक लागतोय म्हणजे तुम्ही आधीच चुकलात. टिचकी मारताना ब्रेकवरचा दाब हलला, पुढचं नाक डोललं, माझा पाय माझ्या ब्रेकवर गेला. ट्रॅकवर शेवटच्या क्षणी ब्रेक मारायचा असतो म्हणून ती कसरत. इथे वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करा, ब्रेक सोडा, मग निवांत रेस देऊन गिअर टाका. एका वेळी एक काम. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. तोंड खराब होतं.

11 ते 1 नवशिके. हाफ क्लच, गाडी बंद, हाफ क्लच, गाडी बंद. मग जेवण आणि अर्धा तास आडवा.

4 वाजता बँकेतल्या मॅडम, आणि पाऊस. ओल्या वळणावर क्लच धाडकन सोडला तर तो हिसका पुढच्या चाकांना बसतो आणि चाकं घसरू शकतात, हे त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलंय. मॅडम काट्याकडे बघतच नाहीत. भजनी मंडळात गातात, त्यामुळे कोणत्या गिअरला इंजिन किती चढ्या सुरात हवं ते कानाने धरतात. पोराला जे एखाद्याच वळणाला जमतं ते त्यांना तीन आठवड्यांत येतं. मागच्या सीटवर त्यांचा मुलगा झोपला होता. चढताना पाच-सहा वेळा गिअर बदलले, तो जागा झाला नाही. वर चढणाऱ्या ट्रकसाठी उतारावर थांबलो, तेव्हा उठून म्हणाला, "आई, घाट आला?"

8 वाजता गाडी गॅरेजला, ऑइल बदलायला. मेकॅनिकने माझ्या बाजूची मॅट बाहेर काढली, उजेडात धरली. उजव्या कोपऱ्यात टाचेएवढं भोक, आणि त्याच्या वर पावलाच्या कडेने घासून गुळगुळीत झालेला पट्टा.

"सर, इथं तर पेडलच नाही," तो म्हणाला. "मग मॅट फाटली कशी?"