चित्रपटाधारित सफरी

एखाद्या चित्रपटातील कथा, पात्रे वा स्थळे आधारास घेऊन मनोरंजन उद्यानात उभारलेली यांत्रिक करमणूक. सामान्य व्यवहारात ती ‘राइड’ याच नावाने ओळखली जाते. प्रेक्षक गाडीत, नावेत किंवा हलत्या बैठकीवर बसतो आणि ठराविक मार्गाने दृश्यांमधून नेला जातो. चित्रपटगृहात प्रेक्षक स्थिर असतो व दृश्य बदलते. सफरीत दृश्य बहुधा जागच्या जागी असते व प्रेक्षक हलतो. अभिकल्पातील पुष्कळशा अडचणी या एका फरकातून उद्‌भवतात. उरलेल्या अडचणी काळाच्या आहेत. चित्रपट काही आठवड्यांत पडद्यावरून उतरतो. मोठ्या सफरीच्या उभारणीस मात्र अनेक वर्षे लागतात व ती पुढे दोन-तीन दशके चालावी अशी अपेक्षा असते. त्यामुळे नव्या चित्रपटावर सफर बांधू पाहणाऱ्यास पुष्कळदा त्या चित्रपटाच्या यशापयशाचा निर्णय लागण्यापूर्वीच भांडवल गुंतवावे लागते.

जत्रांतील अंधाऱ्या बोगद्यांतून फिरणाऱ्या गाड्या हे या प्रकाराचे पूर्वरूप होय. त्यास चित्रपटाची जोड देण्याचे श्रेय प्रामुख्याने वॉल्ट डिझ्नी यांच्याकडे जाते. त्यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या अभिकल्प संस्थेने कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील डिझ्नीलँड (१९५५) उद्यानासाठी ‘स्नो व्हाइट’ (१९३७) व ‘पीटर पॅन’ (१९५३) या चित्रपटांवर सफरी रचल्या. त्यांतील मूळ कल्पना अशी, की गाडीत बसलेला प्रेक्षक हाच नायक. म्हणून ‘स्नो व्हाइट’ च्या सफरीत स्नो व्हाइटची मूर्तीच नव्हती. प्रेक्षकांना ही कल्पना उमगली नाही. बाहेर पडताना ते स्नो व्हाइट कोठे आहे, असे विचारीत. अखेर १९८३ मधील पुनर्रचनेत तिची मूर्ती बसविण्यात आली. ओळखीचे पात्र डोळ्यांनी पाहावे ही प्रेक्षकाची इच्छा त्या पात्राच्या जागी स्वतः असण्याच्या इच्छेहून प्रबळ असते, हे यावरून दिसून आले. पुढील अभिकल्पकांनी प्रेक्षकास सामान्यतः नायकाऐवजी पाहुणा, प्रवासी वा मदतनीस अशी भूमिका दिलेली आढळते.

दोन तासांची कथा तीन-चार मिनिटांत सांगता येत नाही व ती सांगण्याचा प्रयत्न बहुधा फसतो. म्हणून कथानकाऐवजी चित्रपटातील एखादी अवस्था निवडली जाते : उडणे, पाठलाग, बुडणे, सुटका. पूर्वपीठिका सांगण्याचे काम रांगेकडे सोपविले जाते. प्रेक्षक अर्धा-एक तास रांगेत उभा राहणारच असतो. तेवढ्या वेळात भिंतीवरील चित्रे, ध्वनिक्षेपकावरील सूचना व लहान चित्रफिती यांतून त्यास प्रसंग समजावून देता येतो. सफर सुरळीत चालली असता अकस्मात काही बिघडते, ही युक्ती अतिशय रूढ आहे. यंत्राचे हिसके व वळणे यांना तीमुळे कथेत कारण मिळते. मात्र ती इतक्या ठिकाणी योजिली गेली आहे, की जाणत्या प्रेक्षकास आता तिचे नवल वाटत नाही.

यांत्रिक बाजूस प्रवासीक्षमतेचा हिशेब सर्वांत कठोर असतो. वीस आसनांची नाव दर तीस सेकंदांनी सोडल्यास तासाला २,४०० प्रेक्षक जातात. चढण्या-उतरण्यास प्रत्येक वेळी दहा सेकंद अधिक लागल्यास हीच संख्या १,८०० वर येते. मार्गाचे, रेल्वेप्रमाणे, खंड पाडलेले असतात व पुढील खंड मोकळा झाल्याखेरीज मागील वाहनास त्यात प्रवेश मिळत नाही. दृश्याचा कालावधी या खंडांशी जुळवावा लागत असल्याने कथेची लांबी पुष्कळदा सुरक्षा-अभियंताच ठरवितो.

सदृशीकरण यंत्राने या रचनेत मोठा बदल घडविला. डिझ्नीलँडमधील ‘स्टार टूर्स’ (१९८७) ही सफर वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रावर आधारलेली होती. चाळीस आसनांची बंद खोली द्रवीय दट्ट्यांवर तोललेली असते व समोरच्या पडद्यावरील चित्राबरोबर ती कलते. खोली मागे कलली, की गुरुत्वाकर्षणाने प्रेक्षक पाठीशी दाबला जातो. खिडकी नसल्याने कलल्याची खूण डोळ्यांना मिळत नाही आणि तो दाब वेग वाढल्याचा समजला जातो. नंतर खोली इतक्या सावकाश मूळ स्थितीत आणली जाते, की अंतर्कर्णास ते जाणवत नाही. चित्र व हालचाल यांत थोडाही विसंवाद राहिल्यास प्रेक्षकांना मळमळ होते. या पद्धतीचा मोठा लाभ असा, की इमारत व यंत्र तेच ठेवून चित्रफीत बदलता येते. ‘बॅक टू द फ्यूचर’ वरील फ्लॉरिडातील सफर (१९९१) २००७ मध्ये बंद झाल्यावर तिच्याच वास्तूत व यंत्रणेवर २००८ मध्ये ‘द सिम्प्सन्स’ ही सफर सुरू झाली.

नवा चित्रपट व सफर यांतील अंतर कमी करण्याचे तीन मार्ग दिसतात. पहिला, चालू सफरीत नवे दृश्य घालण्याचा. ‘जॉज’ (१९७५) च्या यांत्रिक शार्कचा प्रसंग यूनिव्हर्सलच्या हॉलिवुडमधील ट्रॅमफेरीत पुढच्याच वर्षी दाखल झाला, कारण फेरी १९६४ पासून चालूच होती. दुसरा, जुनी सफर बदलण्याचा. फ्लॉरिडातील नॉर्वेविषयक जलसफरीचा पाट व नावा कायम ठेवून ‘फ्रोझन’ (२०१३) ची सफर २०१६ मध्ये उघडली. ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ च्या दुसऱ्या भागाच्या वेळी, मे २०१७ मध्ये, ॲनाहाइम येथील एका मनोऱ्याचे अवघ्या काही महिन्यांत रूपांतर करण्यात आले. तिसरा मार्ग धाडसाचा : चित्रपटाबरोबरच सफरीचे आराखडे आखणे. ‘जुरासिक पार्क’ (१९९३) च्या सफरीचे काम चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच हाती घेतले गेले, तरी सु. २५ मी. उंचीवरून पाण्यात कोसळणारी ही सफर हॉलिवुडमध्ये खुली व्हावयास १९९६ उजाडले. याउलट ‘अवतार’ (२००९) च्या बाबतीत यश पाहून २०११ मध्ये करार झाला व सफरी २०१७ मध्ये सुरू झाल्या. डिझ्नीलँडमधील बंद पाणबुडीसफरीस ‘अटलांटिस’ (२००१) चे रूप देण्याचा बेत तो चित्रपट अपेक्षेइतका न चालल्याने मागे पडला; त्याच पाणबुड्या २००७ मध्ये ‘फाइंडिंग नीमो’ (२००३) साठी वापरल्या गेल्या.

सफर चित्रपटापेक्षा दीर्घायू ठरते, तेव्हा वेगळाच प्रश्न निर्माण होतो. ‘स्प्लॅश माउंटन’ (१९८९) ही लोकप्रिय जलसफर ‘साँग ऑफ द साउथ’ (१९४६) वर आधारलेली होती. कृष्णवर्णीयांच्या चित्रणामुळे तो चित्रपट आक्षेपार्ह ठरला असल्याने अमेरिकेतील दोन्ही उद्यानांतील या सफरी २०२३ मध्ये बंद करून पुढील वर्षी त्यांना ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ (२००९) चे कथानक देण्यात आले. मार्ग व उतार मात्र जुनेच राहिले. उलटा प्रवासही घडला आहे : ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ ही सफर १९६७ ची, तिच्यावरील पहिला चित्रपट २००३ चा आणि त्यातील नायकाची मूर्ती सफरीत आली ती २००६ मध्ये.

महाराष्ट्रात खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या हिंदी चित्रपटावर सदृशीकरण प्रकारची सफर उभारण्यात आली. चित्रपट व सफर यांत येथे सव्वीस वर्षांचे अंतर होते.