गाडी मधेच बंद पडते, पण गॅरेजमध्ये गेली की सुरळीत चालते? फोन वापरून दोष असा पकडा

‘आता तर एका सेल्फमध्ये चालू झाली. काही प्रॉब्लेम नाही हिला.’

गॅरेजमध्ये हे वाक्य आम्ही तीनदा ऐकलं. पापडीला आमच्या घरी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. मे महिन्यात ती चालता चालता बंद पडायला लागली. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. प्लग बदलले, बॅटरी बदलली, शेवटी पेट्रोल पंपही बदलला. मग एका रात्री आई-बाबा परत येत असताना हायवेच्या मधल्या लेनमध्येच बंद पडली आणि मागून ट्रक येत होता. थोडक्यात वाचले. बाबा म्हणाले, भंगारात देऊन टाकू.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कधीतरीच येणारा बग हा आमचा रोजचा शत्रू. त्याचा एकच नियम: बग नक्की कधी येतो हे कळल्याशिवाय कोडला हात लावायचा नाही. आम्ही गाडीच्या बाबतीत नेमकं उलटं करत होतो. अंदाजाने पार्ट बदलत होतो.

पायरी १: नोंद ठेवा

फोनमधल्या नोट्समध्ये प्रत्येक वेळी हे लिहा: इंजिन थंड की गरम, किती वेळ चालवली होती, पाऊस होता का, एसी चालू होता का, टाकीत पेट्रोल किती, डॅशबोर्डवरचे दिवे गेले का, आणि किती वेळाने परत चालू झाली. जमलं तर सेल्फ मारतानाचा आवाज रेकॉर्ड करा. मेकॅनिकला हा आवाज फार उपयोगी पडतो.

आमच्या सात नोंदींमध्ये एक गोष्ट समान निघाली. अर्धा तास गाडी चालल्यानंतरच दोष यायचा. सकाळी थंड इंजिनवर एकदाही नाही.

पायरी २: प्रकार ओळखा

‘गाडी चालू होत नाही’ या एका वाक्यात वेगवेगळे दोष लपलेले असतात.

* सेल्फ फिरतच नाही किंवा ‘टक टक’ करतो: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग किंवा स्टार्टर. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना आकडा साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना बहुतेक जुन्या गाड्यांत १३.५ ते १४.५ हवा. आमच्याकडे वसईत खाऱ्या हवेने टर्मिनलवर आणि अर्थिंगच्या वायरवर गंज लवकर धरतो. बॅटरी नवीन आणि त्रास तोच असेल, तर आधी तिथे बघा.
* सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही: पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘घुंऽऽ’ असा पंपाचा आवाज येतो का, ते ऐका.
* सिग्नलला थांबलं किंवा एसी लावला की बंद पडते: थ्रॉटल बॉडीत कार्बन, आयडलचा व्हॉल्व्ह अडकलेला, किंवा कुठल्या तरी पाइपमधून हवा शिरते आहे.
* फक्त पावसात त्रास: प्लगच्या वायरी, कॅप किंवा कॉइलमध्ये ओल.

पायरी ३: ओबीडी लावा

साधारण २०१० नंतरच्या बहुतेक पेट्रोल कारमध्ये स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचा सॉकेट असतो. त्यात काहीशे रुपयांचा ब्लूटूथ अडॅप्टर बसतो आणि फोनवरच्या ॲपमध्ये ईसीयूची माहिती दिसते. फॉल्ट कोड नसला तरी निराश होऊ नका. खरी मजा लाइव्ह डेटा रेकॉर्ड करण्यात आहे.

स्वस्त अडॅप्टर सेकंदाला मोजकेच आकडे वाचतो. म्हणून वीस गोष्टी निवडू नका. आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान आणि व्होल्टेज एवढ्या चारच ठेवा. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात हवा, चालवणाऱ्याच्या नाही.

आमचा बग असा सापडला

चौथ्या दिवशी अंबाडी रोडवर गाडी बंद पडली. लॉगमध्ये वेग ३८, तिसरा गिअर, आरपीएम १९००. पुढच्याच ओळीत वेग ३६ आणि आरपीएम शून्य!

क्लच दाबलेला नव्हता. म्हणजे चाकंच इंजिनला फिरवत होती. इंजिन फिरत असताना आरपीएम शून्य कसा? म्हणजे इंजिन थांबलं नव्हतं, ते फिरतंय ही खबर ईसीयूपर्यंत जाणं थांबलं होतं. ती खबर देतो क्रँक पोझिशन सेन्सर. ती नसेल तर ईसीयू पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो.

बाजूला घेऊन सेल्फ मारला, तरी आरपीएम शून्यच. पंधरा मिनिटांनी पुन्हा मारला तेव्हा आकडा २५० दिसला आणि गाडी लगेच चालू झाली.

पेट्रोल कमी पडत असतं, तर गिअरमध्ये असेपर्यंत आरपीएम वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. सगळेच आकडे एकदम गायब झाले असते, तर इग्निशन स्विच, मेन रिले किंवा अर्थिंगवर संशय घेतला असता.

मेकॅनिकला लॉग दाखवला. त्याने आधी सेन्सरचा कनेक्टर तपासला. तो स्वच्छ होता. मग सेन्सर थंड असताना आणि गरम असताना मोजला. गरम झाला की आतल्या गुंडाळीचं सर्किट तुटत होतं, थंड झाल्यावर पुन्हा जुळत होतं. नवा सेन्सर पेट्रोल पंपापेक्षा बराच स्वस्त पडला. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

जुनी स्कूटर किंवा बाइक असेल तर

कार्ब्युरेटरच्या गाडीत ओबीडी नसतं, पण पद्धत तीच. पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर लगेच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. बरेच दिवस उभी असेल तर कार्ब्युरेटरमधलं जुनं पेट्रोल काढून टाका. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं.

रिकॉलही तपासा

कधी दोष कारखान्यातूनच आलेला असतो. जुलै २०२० मध्ये मारुती सुझुकीने फ्युएल पंपातल्या संभाव्य दोषामुळे १,३४,८८५ वॅगन आर आणि बलेनो परत बोलावल्या होत्या. अमेरिकेत २०१४ मध्ये जनरल मोटर्सला इग्निशन स्विचसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. चालत्या गाडीत चावी आपोआप सरकायची, इंजिन बंद व्हायचं आणि एअरबॅगही उघडत नसे. सेकंडहँड गाडी घेतली असेल, तर कंपनीच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकून बघा. रिकॉलचं काम मोफत होतं.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर

घाबरू नका. हॅझर्ड लाइट लावा. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल. ब्रेकला एक-दोन वेळाच नेहमीची मदत मिळते, म्हणून पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरा आणि डावीकडे या. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

आणि दोष सापडेपर्यंत ती गाडी हायवेवर नेऊ नका. लॉग घरापासून दोन किलोमीटरवरही तेवढाच चांगला मिळतो.