कपाटातली दुर्बीण बाहेर काढा!

शाळेसाठी दुर्बीण घेताना काय बघावं, असलेली कशी सुधारावी आणि पावसाळ्यात कशी जपावी



फवारणी, ठिबक, बीजप्रक्रिया यावर लिहिणारा शेतीखात्यातला माणूस आज दुर्बिणीवर का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण साधं आहे. गावोगाव फिरताना शाळेत जाणं होतं आणि बऱ्याच शाळांच्या कपाटावर एक लांबट खोका धूळ खात पडलेला दिसतो. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असते, ‘दुर्बीण, १ नग’. चौकशी केली की उत्तर ठरलेलं असतं. आणली तेव्हा चार दिवस पोरांनी चंद्र बघितला, नंतर काही दिसेना, म्हणून ठेवून दिली. पैसा मात्र ग्रामपंचायतीचा किंवा लोकवर्गणीचा, म्हणजे तुमचा-आमचाच गेलेला असतो.

यातल्या बहुतेक दुर्बिणी बिघडलेल्या नसतात. एक तर घेताना चुकीची वस्तू घेतली जाते, नाहीतर बैठक डळमळीत असते, नाहीतर निगा राखलेली नसते. तिन्ही गोष्टींवर गावातच इलाज आहे. सुतार, वेल्डिंगवाला आणि थोडी चिकाटी, एवढं पुरतं.

जेऊरच्या माळावर काय घडलं

दुर्बीण ही पुण्या-मुंबईची गोष्ट, आपलं ते काम नव्हे, असं समजू नका. करमाळा तालुक्यातलं जेऊर स्टेशन तुम्हाला माहीत आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथून खग्रास सूर्यग्रहण दिसलं. सूर्य पूर्ण झाकला गेला तो जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यासाठी अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल बोटीने आणि पुढे रेल्वेने सगळं सामान घेऊन जेऊरला आले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आपली मंडळी घेऊन तिथेच उतरले होते. नायगमवालांनी त्या कामाचा छापील अहवाल पुढे १९०२ साली प्रसिद्ध केला.

कॅम्पबेल यांच्याकडचा मोठा कॅमेरा ४० फूट लांबीचा होता. पण त्याचं भिंग किती? फक्त ५ इंच. लांब नळी वाऱ्याने हलणार हे उघड होतं. म्हणून भिंगाचा मनोरा वेगळा आणि नळीचा आधार वेगळा ठेवला. नळी हलली तरी भिंग हलू नये, हा त्यामागचा हिशेब. आजही शाळेची दुर्बीण नीट दिसेल की नाही, हे पहिल्यांदा याच गोष्टीवर ठरतं.

खोक्यावरचा आकडा वाचू नका

विहिरीवर मोटार बसवताना तुम्ही तिचा रंग बघत नाही. हॉर्सपॉवर बघता, हेड बघता, पाणी किती आहे ते बघता. दुर्बीण घेताना मात्र खोक्यावर ‘४५० पट’ लिहिलेलं बघून भुलायला होतं.

दुर्बिणीची खरी ताकद तिच्या तोंडाच्या व्यासात असते. तोंड जेवढं मोठं, तेवढा उजेड जास्त गोळा होतो. ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीपेक्षा ११४ मिलिमीटरची दुर्बीण पाचपटीहून जास्त उजेड घेते आणि १५० मिलिमीटरची नऊपट. उजेडच कमी असेल तर चित्र कितीही मोठं करा, ते फिकट आणि पुसटच दिसणार. पातळ ताकात आणखी पाणी ओतल्यासारखं ते आहे.

पट काढायचं गणित सोपं आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर. दोन्ही आकडे वस्तूवरच लिहिलेले असतात. दुर्बीण ९०० मिलिमीटरची आणि आयपीस २५ मिलिमीटरचा असेल तर ३६ पट, १० मिलिमीटरचा लावला तर ९० पट. जास्तीत जास्त पट म्हणजे तोंडाच्या मिलिमीटरच्या दुप्पट धरा. म्हणजे ५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १०० पट ही शेवटची हद्द झाली. तिच्यावर ‘४५० पट’ लिहिलं असेल तर समजून जा.

भाऊसाहेबांनी कोटेशन मागवताना नुसतं ‘दुर्बीण, १ नग’ लिहू नये. असं लिहावं: आरशाची परावर्ती दुर्बीण, व्यास ११४ ते १५० मिलिमीटर, डॉबसोनियन बैठक, सव्वा इंची आयपीस दोन (२५ व १० मिलिमीटर), दोन्ही तोंडांना झाकणं. काही स्वस्त दुर्बिणींचे आयपीस बारीक, एक इंचाहून थोड्या कमी मापाचे असतात. त्या मापाचे चांगले आयपीस पुढे मिळायला त्रास होतो, म्हणून सव्वा इंचाचा आग्रह धरा. आणि बिल काढण्याआधी एका रात्री आकाशात रोखून बघा. बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरतो का?

बैठक घट्ट तर दुर्बीण चांगली

९० पटीला चंद्र ९० पट मोठा होतो, तसा बैठकीचा हादराही ९० पट मोठा होतो. परीक्षा अशी घ्या. चांदणीवर दुर्बीण लावा, नळीला बोटाने हलकीशी टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र शांत झालं पाहिजे. हेलकावे घेतच राहिलं तर बैठक सुधारली पाहिजे.

तिपाईचे पाय पोकळ पत्र्याचे असतील तर त्यात कोरडी वाळू भरा. तिन्ही पायांच्या मधोमध चार-पाच किलो वाळूची पिशवी टांगा. पाय पूर्ण लांबवू नका, बसून बघितलं तरी चालतं. शाळेच्या मैदानात एका कोपऱ्यात जाड लोखंडी पाइप सिमेंटात रोवून त्यावर दुर्बीण बसवता आली तर फारच चांगलं.

काही दुर्बिणींना तिरप्या आसाची बैठक आणि वजनाचा दांडा असतो. तिचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. आपल्या जिल्ह्यात ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजापासून साधारण साडेसतरा ते साडेअठरा अंश वर आहे. बैठकीवरचा अंशांचा काटा तिथे लावा. परदेशी हिशेबाने तो चाळीसच्या आसपास राहिला असेल तर सगळंच वाकडं चालतं. काटा एवढा खाली आणल्यावर वजनाचा दांडा कधी कधी तिपाईच्या पायाला अडतो. तेव्हा एक पाय बरोबर दक्षिणेकडे येईल अशी तिपाई फिरवून घ्या.

हे सगळं किचकट वाटत असेल तर ती बैठक बाजूला ठेवा आणि सुताराकडून डॉबसोनियन पेटी करून घ्या. जॉन डॉबसन नावाचे गृहस्थ अमेरिकेत रामकृष्ण परंपरेतल्या वेदान्त मठात २३ वर्षं संन्यासी होते. मठात असतानाच जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसे करायचे, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडची पेटी वापरायचे आणि रस्त्यावर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट आकाश दाखवायचे. १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला, पण हे काम त्यांनी सोडलं नाही. त्यांची पेटी आज जगभर वापरतात. जाड प्लायवूडची पेटी, सरकत्या भागाला सनमायका आणि त्याखाली टेफ्लॉनचे तीन तुकडे. तोफेसारखी वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, सोडली की तिथेच थांबते. गावचा सुतार मापं दिली तर एक-दोन दिवसांत करून देईल.

थोड्या खर्चात सुधारणा

पहिली सुधारणा आयपीसची. पैसे जपून वापरायचे असतील तर २५ मिलिमीटरचा एक चांगला ‘प्लॉसल’ जातीचा आयपीस घ्या. जास्त पटीच्या चार आयपीसपेक्षा कमी पटीचा एक चांगला आयपीस रोज कामाला येतो. खोक्यातला ४ मिलिमीटरचा आयपीस आणि प्लास्टिकचा ‘३ पट बार्लो’ पोरांच्या हाती देऊ नका. त्यानेच काही दिसेनासं होतं.

दुसरी सुधारणा शोधकाची. नळीवरची छोटी दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी जुळलेली नसेल तर चंद्रसुद्धा सापडत नाही. दिवसा लांबचा विजेचा खांब मुख्य दुर्बिणीत मधोमध आणा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तोच खांब त्याच्या फुलीवर आणा. शोधक तुटला असेल तर बंदुकीच्या माशीसारखी दोन वायसरं नळीवर एका रेषेत बसवली तरी भागतं.

तिसरी, नळीच्या तोंडाला काळ्या जाड कागदाची वीतभर टोपी करा. दव कमी बसतं आणि बाजूचा उजेड आत येत नाही. नळी आतून चकाकत असेल तर आरसा काढून, न चमकणारा काळा रंग द्या.

आरसा जुळवणं

आरशाची दुर्बीण खडबडीत रस्त्याने आणली की आरसे थोडे हलतात. मोटारीची कपलिंग सरकावी तसंच हे आहे. तपासणी अशी. ध्रुवताऱ्यावर दुर्बीण लावा, कारण तो जागचा हलत नाही. तारा दृष्टीच्या मधोमध आणून फोकस थोडा बिघडवा. ताऱ्याच्या जागी मेदूवड्यासारखी चकती दिसेल. मधलं काळं भोक बरोबर मध्यावर असेल तर दुर्बीण जुळलेली आहे. एका बाजूला सरकलं असेल तर मागच्या आरशाचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवा. एका वेळी पाव आटा, जास्त नाही.

निगा

दुर्बिणीचा आरसा घरातल्या आरशासारखा नसतो. त्याचा ॲल्युमिनियमचा मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला, उघडा असतो. धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने पुसला की तो ओरखडलाच. थोडी धूळ असली तरी दिसण्यात फरक पडत नाही. रबरी फुग्याने हवा मारा, तेवढं पुरे.

फारच घाण झाला तरच धुवा. काढण्याआधी आरसा आणि त्याची चौकट यांवर पेन्सिलीने खूण करा. आधी नळाच्या पाण्याची हलकी धार सोडा, मग पाण्यात एक थेंब सौम्य साबण टाकून ओल्या कापसाचा बोळा नुसता ओढत न्या, दाब अजिबात नको. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी ओता आणि आरसा उभा ठेवून वाळू द्या. बोअरच्या क्षारपाण्याने शेवटचं धुतलं तर डाग कायमचे राहतात.

रात्री दव बसलं असेल तर लगेच झाकण लावू नका. आधी खोलीत वाळू द्या, मग झाका. ओल कोंडली की बुरशी येते, दाण्याच्या कणगीत येते तशीच. पावसाळ्यात बियाण्याच्या डब्यात ठेवतो त्या सिलिका जेलच्या पुड्या नळीत आणि आयपीसच्या डबीत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की जुन्या पत्र्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा, स्वयंपाकाच्या तव्यावर नको. झाकण हरवलं असेल तर कापड घट्ट बांधा. नाहीतर कुंभारीण माशी नळीत मातीचं घर करते आणि उंदीर तिथेच संसार मांडतो.

सूर्याकडे दुर्बीण रोखू नका

हे मोठ्या अक्षरात लिहून दुर्बिणीवर चिकटवा. दुर्बिणीतून सूर्य बघितला तर एका क्षणात डोळा कायमचा जातो. काही जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची काळी ‘सन’ काच येते. ती उन्हाने तापून तडकते. ती काच आजच फोडून टाका. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, हेही चालत नाही. सूर्य बघायचाच तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा, खास सूर्यासाठीचा फिल्टर पाहिजे आणि शोधक झाकलेला पाहिजे.

कधी, कुठून, काय बघायचं

स्लॅबवरून बघू नका. दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री ऊब सोडतं आणि तारे थरथरतात. त्यापेक्षा शेताचा बांध किंवा मैदान बरं. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेवा म्हणजे आरसा गार होतो. आणि सरपंच, तेवढा तासभर शाळेजवळचा हायमास्ट बंद करायला सांगा.

दिवाळी ते होळी हा आपला हंगाम. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. जूनमध्ये ‘मृग लागला’ म्हणतो तेव्हा सूर्यच मृग नक्षत्रात असतो, म्हणून ते रात्री दिसत नाही. ते दिसतं हिवाळ्यात, शाळू पोटरीत असताना. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांच्या खाली दुर्बीण लावा. धुक्यासारखा तेजोमेघ दिसेल, तिथे नवे तारे जन्माला येतात. गुरूचे चार चंद्र कमी पटीतही दिसतात. गॅलिलिओने १६१० साली ते आजच्या शाळेच्या दुर्बिणीपेक्षा साध्या दुर्बिणीतून पाहिले होते. शनीची कडी २०२५ साली काठावरून दिसत असल्याने रेघेसारखी झाली होती, आता ती वर्षागणिक उघडत जाईल.

ज्यांना आणखी शिकायचं आहे त्यांच्यासाठी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी लोकांसाठी काम करते आहे. पुण्याच्याच आयुका संस्थेत शिक्षक-विद्यार्थ्यांना आरसा घासून दुर्बीण बनवायला शिकवणाऱ्या कार्यशाळा झालेल्या आहेत. जवळ म्हणाल तर केगावला सोलापूर विज्ञान केंद्र आहेच.

पण सुरुवात गावातूनच करा. येत्या शनिवारी गुरुजींना बरोबर घ्या, कपाटावरचा खोका खाली काढा. तोंडाचा व्यास मोजा, टिचकी मारून बैठक तपासा, झाकणं आहेत का बघा, आयपीस मोजून घ्या आणि या चार गोष्टी डेडस्टॉक रजिस्टरच्या शेऱ्यात लिहा. काय दुरुस्त करायचं ते त्यावरून कळेल. रात्रपाळीच्या विजेसाठी तुम्ही बांधावर जागे असताच. एखाद्या रात्री शाळेची दुर्बीण आणि पोरं तिथे बोलवा, मोटार चालू होईपर्यंत त्यांना गुरूचे चंद्र दाखवा.