स्कॅनर लागत नाही तेव्हा

भायखळ्याच्या गॅरेजमध्ये गाडी आली की मिस्त्री हल्ली आधी बॉनेट उघडत नाही. ड्रायव्हरच्या पायाशी वाकून स्टिअरिंगखालचं 16 पिनांचं सॉकेट शोधतो. पद्मिनी टॅक्सीच्या जमान्यात इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं ओळखता यायचं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरल्यावर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. आजच्या गाडीचं दुखणं ईसीएममध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या छोट्या संगणकात नोंदलेलं असतं. ते वाचायला स्कॅनर लागतो आणि ईसीएममधलं सॉफ्टवेअर बदलायला प्रोग्रामिंगचं यंत्र.

यंत्र जोडलं आणि गाडीशी संपर्कच झाला नाही, तर पहिला संशय यंत्रावर जातो. दोष बहुतेकदा सॉकेटपाशी सापडतो. 16 नंबरच्या पिनेत बॅटरीचा करंट येतो, 4 नंबर अर्थिंगची. मल्टिमीटर लावून तिथे 12 व्होल्ट दिसले नाहीत तर आधी फ्यूज बघावा. बऱ्याच गाड्यांत तो मोबाइल चार्जरच्या सॉकेटशी सामाईक असतो. पावसात मुंबईच्या हिंदमाता भागात तुंबलेल्या पाण्यातून आलेल्या गाडीत पिनांवर हिरवट थर चढलेला दिसू शकतो. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने तो निघतो.

पिना स्वच्छ असूनही संपर्क होत नसेल, तर 6 आणि 14 नंबर तपासायच्या. बॉश कंपनीने 1986 मध्ये जगापुढे आणलेल्या ‘कॅन’ पद्धतीच्या या दोन तारा. गाडीतले संगणक त्यांवरूनच एकमेकांशी बोलतात. तारांच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीची तार काढून मोजलं की दोन्ही मिळून 60 ओहम भरायला हवेत. 120 दिसले तर कुठेतरी तार तुटली आहे. शून्याच्या जवळपास आकडा आला तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि या तारांच्या मध्ये ‘गेटवे’ नावाचा आणखी एक संगणक असतो, तिथे मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही.

संपर्क झाला तरी जोडलेलं यंत्र तापतं, त्याचं गणितही सोपं आहे. यंत्रातला साधा रेग्युलेटर 12 व्होल्टचे 5 करतो, उरलेले 7 उष्णतेत जातात. 200 मिलिअँपिअर करंटला ही उष्णता 1.4 वॅट होते. 24 व्होल्टच्या ट्रकवर तीच 3.8 वॅट. त्यात मे महिन्याचं ऊन आणि काचा लावलेली गाडी! कामाच्या ओघात यंत्र कोमट होणारच, पण जोडल्या जोडल्या चटका बसला तर आत शॉर्ट असण्याची शक्यता धरून ते लगेच काढावं.

प्रोग्रामिंग सुरू झाल्यावर मात्र हात लावायची सोय उरत नाही. लिहिणं अर्ध्यावर तुटलं तर ईसीएम मुका होऊ शकतो, गाडी सुरूही होत नाही. म्हणून यंत्र सावलीत ठेवून आधी थोडा वेळ नुसतं वाचन करून बघायचं. बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा सपोर्ट द्यायचा. साध्या चार्जरचं व्होल्टेज हेलकावे खातं. एसी, पंखा, हेडलाइट बंद. दार उघडलं तरी आतला दिवा लागतो, त्यामुळे जाणता मिस्त्री काम संपेपर्यंत गाडीत कुणाला बसू देत नाही.